लस घ्या, नाहीतर गेटबाहेर: वाचकांचे प्रश्न

कामाच्या ठिकाणी लस सक्तीची केली, आता काय करावे, असे विचारणारी पत्रे या वेळी जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आली. त्यांतली निवडक खाली घेतली आहेत. उत्तरे आमच्या आरोग्य आणि कामगार कायदा सल्लागारांनी मिळून दिली आहेत. वाचण्याआधी एवढेच लक्षात ठेवा: 'लस' हा शब्द एक असला तरी कावीळ ब, टायफॉइड, फ्लू आणि कोविड यांच्याबाबतचे नियम वेगवेगळे आहेत. एका लशीला दिलेले उत्तर दुसरीला चालत नाही. निम्मे घोळ तिथेच होतात.

प्रश्न: माझी आई जळगावच्या एका खासगी दवाखान्यात ठेकेदारामार्फत साफसफाईच्या कामाला आहे. 'कावीळ बची लस घ्या, नाहीतर उद्यापासून येऊ नका' असे तिला सांगितले आहे. तिन्ही डोसांचे पैसे पगारातून कापणार आहेत. आधी रक्त तपासतात आणि काही निघाले तर काढून टाकतात, असे बाकीच्या मावशी सांगतात. आईने नकार द्यावा का? (एक मुलगी, भुसावळ)

ताई, आईने लस घ्यावी. पैसे मात्र कापू देऊ नयेत.

कावीळ ब, म्हणजे हिपॅटायटिस बी, रक्तातून पसरते. कचऱ्याच्या पिशवीत चुकून गेलेली वापरलेली सुई बोटात घुसली तरी होऊ शकते, आणि ही सुई डॉक्टरांपेक्षा पिशवी उचलणाऱ्या मावशीला लागण्याचा धोका रोजचा असतो. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांत यासाठी स्वतंत्र कलम आहे. दवाखान्याने आपले आरोग्य कर्मचारी आणि असा कचरा हाताळणारे इतर लोक यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वातासह अशा आजारांविरुद्धच्या लसी द्यायच्या आहेत. कामावर घेताना आणि नंतर वर्षातून किमान एकदा त्यांची आरोग्य तपासणीही करायची आहे. म्हणजे सक्ती आहे, पण ती दवाखान्यावर आहे. 'इतर लोक' या शब्दांत ठेकेदाराची माणसेही आली. ज्याच्यावर जबाबदारी, खर्च त्याचा. कायद्याने परवानगी दिलेल्या कारणांशिवाय पगारातून कपात करता येत नाही, आणि मालकाच्या कर्तव्याचा खर्च हे त्यातले कारण नाही.

डोस तीन: पहिला आज, दुसरा एका महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. प्रौढांना साधारणपणे १ मिली, दंडाच्या वरच्या स्नायूत. कुल्ल्यावर देऊ देऊ नका, तिथे चरबीत औषध राहते आणि प्रतिकारशक्ती नीट तयार होत नाही. दुसरा किंवा तिसरा डोस चुकला तर पहिल्यापासून सुरुवात करायची गरज नसते, राहिलेला डोस घेऊन पुढे जायचे. फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्यात किमान ८ आठवडे, आणि पहिल्या व तिसऱ्यात किमान १६ आठवडे असावेत. दंड एक-दोन दिवस दुखतो, काहींना हलका ताप येतो. या लशीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे लशीने कावीळ होत नाही.

बहुतेक दवाखाने जी पायरी गाळतात ती इथे: तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी 'अँटी एचबीएस' ही रक्ततपासणी मागा. आकडा १० किंवा त्याहून जास्त आला तर संरक्षण तयार झाले. कमी आला तर पुन्हा तीन डोस आणि पुन्हा तपासणी. त्या कागदाची प्रत घरी जपून ठेवा. पुढे कधी सुई लागली तर डॉक्टर सगळ्यात आधी हाच आकडा विचारतील.

आधीच्या रक्ततपासणीची भीती समजते. लस घेण्यासाठी ती अट नाही. तपासणी करायचीच म्हटली तर कोणती, ते लेखी विचारा. एचआयव्हीची तपासणी नोकरीची अट म्हणून करता येत नाही, तसे २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात स्पष्ट म्हटले आहे. कावीळ बचा संसर्ग निघालाच, तर झाडलोट, फरशी, चादरी ही कामे बंद करण्याचे वैद्यकीय कारण त्यात नाही. उलट वेळेवर उपचार सुरू होतील.

सुई लागली तर काय करायचे, हेही आईला आजच सांगून ठेवा. जागा साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवायची. बोट पिळायचे नाही, चोखायचे नाही, स्पिरिट किंवा ब्लीच ओतायचे नाही. लगेच सिस्टरला सांगून नोंद करायला लावायची, कारण नोंद नसेल तर पुढे भरपाई मिळणेही अवघड. एचआयव्हीचा धोका असेल तर प्रतिबंधक गोळ्या शक्यतो दोन तासांत आणि काहीही झाले तरी ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हव्यात, त्या २८ दिवस घ्यायच्या असतात. लस न घेतलेल्याला कावीळ बचे इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) द्यावे लागू शकते, तेही शक्यतो २४ तासांत.

पैसे कापलेच तर ठेकेदाराला पत्र द्या आणि प्रत दवाखान्याला द्या. दोघांकडून पोच घ्या. तरी ऐकले नाही तर पगाराची तक्रार सहायक कामगार आयुक्तांकडे आणि लसीकरण न करण्याची तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जाते. दवाखान्याला दर वर्षी ३० जूनपर्यंत मंडळाला वार्षिक अहवाल द्यावा लागतो, म्हणून मंडळाचे नाव काढले की हालचाल होते.

प्रश्न: मी जळगाव एमआयडीसीत ऑपरेटर आहे. कोविडचे दोन डोस २०२१ मध्ये घेतले. आता नव्या कंपनीत रुजू होताना बूस्टरचे प्रमाणपत्र मागत आहेत. एचआरने व्हॉट्सॲपवर 'कम्पल्सरी' एवढेच लिहिले आहे. मित्र म्हणतो, पाचशे रुपयांत प्रमाणपत्र मिळते. (एक कामगार, जळगाव)

मित्राचे ऐकू नका. खोटे प्रमाणपत्र दिले की तुमची बाजू तिथेच संपली. आज प्रश्न आहे कंपनीची अट योग्य की अयोग्य, उद्या प्रश्न होईल तुम्ही बनावट कागद दिला की नाही. तो गुन्हा आहे, आणि नोकरीवरून काढायला मालकाला त्याहून सोपे कारण सापडणार नाही. सरकारच्या कोविन पोर्टलवरून मिळणाऱ्या प्रमाणपत्रावरचा क्यूआर कोड मोबाइलवर तपासता येतो, त्यामुळे पकडले जाणे अवघड नाही. आणि कावीळ बसारख्या लशीत खोटेपणा जिवावर बेततो: सुई लागल्यावर डॉक्टर त्या खोट्या कागदावर विसंबतात आणि इम्युनोग्लोब्युलिन देत नाहीत.

आता कायदा. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोविड लशीच्या सक्तीविरुद्धच्या जेकब पुलियेल खटल्यात निकाल दिला. राज्यघटनेच्या २१व्या अनुच्छेदानुसार स्वतःच्या शरीरावर माणसाचा अधिकार आहे, कोणालाही जबरदस्तीने लस देता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार काही निर्बंध घालू शकते, पण ते प्रमाणात हवेत. त्या वेळी रुग्णसंख्या कमी असल्याने लस न घेतलेल्यांवरचे निर्बंध प्रमाणात बसत नव्हते, म्हणून खासगी संस्थांसह सगळ्यांनी ते पुन्हा तपासावेत, असे न्यायालयाने सुचवले. हा निकाल दोन्ही बाजूंचे लोक अर्धाच सांगतात. त्याच निकालात सरकारचे लसीकरण धोरण अवाजवी नाही, असेही म्हटले आहे. आणि खासगी मालकाला थेट मनाई केलेली नाही, 'तपासा' असे सुचवले आहे. म्हणून निकालाची प्रत एचआरच्या टेबलावर आपटून काम होणार नाही. पत्र लिहून होईल.

मजकूर साधा ठेवा: 'आपल्या अमुक तारखेच्या व्हॉट्सॲप संदेशात कोविड बूस्टर डोस सक्तीचा असल्याचे कळवले आहे. माझे दोन डोस पूर्ण झाले असून प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. ही अट कोणत्या कायद्याच्या, शासन आदेशाच्या किंवा कंपनी धोरणाच्या आधारे आहे, डोसचा खर्च कोण करणार, त्रास झाल्यास रजा व उपचार यांची व्यवस्था काय, आणि डोस न घेतल्यास काय कारवाई होणार, हे लेखी कळवावे. मी कामावर रुजू होण्यास तयार आहे.'

शेवटचे वाक्य विसरू नका. ते नसेल तर 'हा स्वतःहून आला नाही' असे लिहायला कंपनी मोकळी. पत्रात राग, सल्ला, व्हॉट्सॲपवर फिरणारी माहिती काहीही घालू नका. दोन प्रती काढा आणि आवक शिक्का व तारीख असलेली एक परत घ्या. घेत नसतील तर पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा. बहुतेक वेळा चार प्रश्नांचे उत्तर लिहायला बसल्यावर एचआरलाच कळते की फॉर्ममधला हा रकाना कोविडच्या काळापासून कोणी काढलेलाच नाही.

आधीपासून नोकरीत असलेल्यांसाठी: नुसते 'उद्यापासून येऊ नका' म्हटले तर घरी बसू नका. शिफ्टच्या वेळी गेटवर जा, हजेरी नाकारली तर त्याच दिवशी तारीख-वेळ लिहून ईमेल करा. राजीनाम्यावर सही करू नका. 'तात्पुरती आहे, नंतर परत घेऊ' हे शब्द नंतर कोणी सिद्ध करू शकत नाही. स्थायी आदेश (कामाच्या अटींचे मंजूर नियम) लागू असलेल्या कारखान्यात निलंबन केले, तर चौकशी चालू असताना पहिले ९० दिवस निम्मे वेतन निर्वाह भत्ता म्हणून मिळते, नंतर ७५ टक्के.

ईएसआयचे (कामगार विमा योजनेचे) कार्ड असणाऱ्यांची एक गैरसमजूत आहे. लशीनंतर एक दिवस ताप आला तर ईएसआयमधून पैसे मिळत नाहीत, आजारपणाच्या लाभात पहिले दोन दिवस धरत नाहीत. म्हणून त्या दिवसाची भरपगारी रजा मालकाकडेच मागावी लागते, तीही लस घेण्याआधी.

प्रश्न: सावद्याला केळी वेफर्सच्या कारखान्यात आम्ही चौदा बायका आहोत. मालक दर वर्षी टायफॉइडचे इंजेक्शन घ्यायला लावतात. एवढी इंजेक्शने घेणे बरे आहे का? (एक वाचक, सावदा)

मालकाचा हेतू बरोबर, हिशेब चुकला आहे. अन्नसुरक्षा कायद्याखालच्या २०११च्या परवाना नियमांत, अनुसूची ४ मध्ये, अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि आतड्याच्या आजारांविरुद्ध लस, या दोन्ही गोष्टी आहेत. वर्षातून एकदा असते ती तपासणी. लस 'तिच्या वेळापत्रकानुसार' घ्यायची असते. साधी व्हीआय पॉलिसॅकराइड लस ०.५ मिलीचा एक डोस, तीन वर्षांनी पुन्हा. नवी कॉन्जुगेट लस घेतली तर तिचाही एकच डोस आणि संरक्षण जास्त काळ टिकते. कोणती घ्यायची, हे वय पाहून डॉक्टर ठरवतात.

म्हणून प्रत्येकीच्या कागदावर लशीचे नाव, बॅच क्रमांक आणि तारीख लिहून घ्या. एक प्रत मालकाच्या फाइलला, एक तुमच्या घरी. कागद नसला की पुढच्या वर्षी नवा डॉक्टर पुन्हा टोचतो, एवढेच घडते आहे. जास्तीच्या डोसने सहसा मोठे नुकसान होत नाही, पण दंड आणि पैसा दोन्ही वाया जातात.

ही लस पॅराटायफॉइड, पाण्यातून होणारी कावीळ किंवा जुलाब यांना थांबवत नाही. हगवण लागलेली बाई लस घेतलेली असली तरी त्या दिवशी वेफर्सच्या टेबलावर नको. नियमही तेच सांगतो. त्या दिवसाचा रोज बुडणार असेल तर ती आजार लपवणार, हे मालकांनी समजून घ्यावे. साबण, नळ आणि आजारपणाचा रोज या तिन्ही गोष्टी लशीइतक्याच लागतात.

प्रश्न: नवापूरला पोल्ट्रीत काम करतो. मालकाने फ्लूची लस सक्तीची केली आणि म्हणतात की आता बर्ड फ्लूची भीती नाही. खरे आहे का? (एक मजूर, नवापूर)

नाही भाऊ, हे अर्धवट आणि धोकादायक आहे.

देशातला कोंबड्यांमधला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये तुमच्याच नवापुरात आढळला, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तो पुन्हा आला. त्यामुळे मालकाची धास्ती खरी आहे. पण बाजारात मिळणारी फ्लूची लस माणसांच्या हंगामी फ्लूची असते. बर्ड फ्लूपासून ती वाचवत नाही. तरीही पोल्ट्री कामगारांनी ती घ्यावी असे आम्ही म्हणतो, त्याचे कारण वेगळे आहे: माणसाचा फ्लू आणि पक्ष्याचा फ्लू एकाच शरीरात एकाच वेळी शिरले, तर दोन विषाणूंची सरमिसळ होऊन माणसांत सहज पसरणारा नवा विषाणू तयार होण्याचा धोका असतो. लस त्यातला एक विषाणू बाहेर ठेवते.

डोस ०.५ मिली, वर्षातून एकदा, कारण विषाणू बदलतो तशी लस बदलते. संरक्षण यायला साधारण दोन आठवडे लागतात. कोंबड्या मरायला लागल्यावर धावत जाऊन घेतलेली लस उशिराची. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना सांगा.

पोल्ट्री मजुराला हंगामी फ्लूची लस घ्यायला लावणारा कायदा नाही. म्हणून इथे नकार देता येतो, पण आमचा सल्ला आहे की लस घ्या आणि तिच्यासोबत बाकीचे मागा: एन ९५ मास्क, चष्मा, हातमोजे, गमबूट, शेडमध्ये वेगळे कपडे आणि बाहेर पडताना अंघोळीची सोय. लस दिली म्हणून मास्क बंद केले, तर तुम्ही आधीपेक्षा जास्त धोक्यात आलात. अचानक बऱ्याच कोंबड्या मेल्या तर हात लावू नका, कापून पाहू नका, घरी नेऊ नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. त्यानंतर दहा दिवसांत ताप, खोकला, डोळे लाल असे काही झाले तर डॉक्टरांना 'मी पोल्ट्रीत काम करतो' हे पहिले वाक्य सांगा. त्यावरून ते वेळेत ओसेल्टामिविर हे फ्लूवरचे औषध सुरू करू शकतात.

प्रश्न: धडगाव तालुक्यातल्या आश्रमशाळेत स्वयंपाकी आहे. मला सिकलसेल आहे. त्या कारणाने टायफॉइडच्या लशीतून सूट मिळेल ना? (एक वाचक, धडगाव)

सूट मागू नका, तुमच्यासाठी लस जास्त गरजेची आहे. सिकलसेलच्या रुग्णांची प्लीहा नीट काम करत नाही, त्यामुळे न्यूमोनिया आणि टायफॉइडच्या कुळातले जंतू त्यांना जोरात पकडतात. टायफॉइडची टोचायची लस निर्जीव असते, ती चालते. न्यूमोनियाच्या लशीबद्दलही तुमच्या डॉक्टरांना विचारा. फक्त वाहक असाल, आजार नसेल, तर इतरांसारखेच.

काळजी एवढीच: अंग दुखण्याचा झटका चालू असताना किंवा ताप असताना घेऊ नका, बरे झाल्यावर घ्या. त्या दिवशी भरपूर पाणी प्या, उन्हात डोंगर चढू नका, ताप आला तर पॅरासिटामॉल घ्या. हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलचे औषध चालू असेल तर सांगा, कारण जिवंत विषाणूच्या लसी देताना त्याचा विचार करावा लागतो.

खरी सूट कोणाला? त्याच लशीच्या आधीच्या डोसने किंवा तिच्यातल्या घटकाने ज्याला तीव्र ॲलर्जी झाली, म्हणजे श्वास कोंडला, घसा-जीभ सुजली, रक्तदाब कोसळला, त्याला. साखर, बीपी, थायरॉइड, पाळी, बाळाला दूध पाजणे ही या लशींतून सूट मिळण्याची कारणे नाहीत. दाखल्यावर लशीचे नाव, कारण, सूट कायमची की अमुक तारखेपर्यंत, आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवा. 'प्रकृती ठीक नसल्याने लस देऊ नये' एवढ्या ओळीवर कोणतेही कार्यालय सूट देत नाही.

प्रश्न: 'मना पोऱ्या तठे एकटा शे.' मुलगा अमेरिकेत एका रुग्णालयात एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. फ्लूची लस घेतली नाही तर काढतील म्हणतात. कोर्टाने सक्ती रद्द केली, असे इथे सगळे सांगतात. (एक आई, धुळे)

माई, इथे दोन वेगळे निकाल एकत्र झाले आहेत. १३ जानेवारी २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांसाठीचा सरकारी कोविड नियम थांबवला. पण त्याच दिवशी, सरकारी विम्याचे पैसे घेणाऱ्या रुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांसाठीचा नियम ५ विरुद्ध ४ मतांनी चालू ठेवला. तो कोविडचा नियमही पुढे २०२३ मध्ये मागे घेतला गेला. फ्लूची लस मात्र यात कधीच नव्हती. ती रुग्णालयाची स्वतःची अट असते आणि तिकडच्या बहुतेक राज्यांत ती मालकाला घालता येते.

सूट मिळण्याचे मार्ग दोन. वैद्यकीय कारण १९९०च्या अपंगत्व कायद्याखाली, आणि मनापासूनची धार्मिक श्रद्धा १९६४च्या नागरी हक्क कायद्याखाली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २९ जून २०२३च्या ग्रॉफ खटल्यातील निकालापासून धार्मिक सूट नाकारायची तर तिच्यामुळे मोठा बोजा पडतो, हे मालकाला दाखवावे लागते. 'मला पटत नाही' किंवा राजकीय मत यात बसत नाही. नसलेली श्रद्धा फॉर्ममध्ये लिहू नये, ती तपासली जाऊ शकते.

मुलाला आज तीन गोष्टी सांगा. अर्जाची अंतिम तारीख आधी पाहायची, कारण ती चुकली तर चांगले कारणही ऐकत नाहीत. सूट मिळाली तर फ्लूच्या हंगामात पूर्णवेळ मास्क लावावा लागेल का, ते विचारायचे. आणि एच-१बीवर नोकरी गेली तर नवी नोकरी शोधायला किंवा देश सोडायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, तिथे राहण्याची मंजूर मुदत आधी संपत असेल तर तेवढेही नाहीत. वर्षातून एकदा घ्यायच्या, जिचा त्रास बहुतेकांना एक दिवस दुखऱ्या दंडापुरता असतो अशा लशीसाठी तो हे ६० दिवस पणाला लावणार का, हा निर्णय त्याचा. आम्हाला विचाराल तर लावू नये.

प्रश्न: कंपनीत शिबिर लागणार आहे. तिथे काय पाहावे? (एक वाचक, चोपडा)

कुपीवरचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत वाचा. सरकारी पुरवठ्याच्या कुपीवर एक गोल आणि त्यात चौकोन असतो. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असेल तर चालेल, तेवढाच गडद किंवा जास्त गडद झाला तर लस उन्हाने गेली. आपल्याकडच्या मे महिन्यात हे बघायलाच हवे. लशी २ ते ८ अंशांत ठेवायच्या असतात. उलट बाजूने, कुपी थेट बर्फाला चिकटून ठेवली आणि गोठली तर कावीळ ब आणि धनुर्वाताची लस निकामी होते, आणि हा चौकोन ते दाखवत नाही. म्हणून डब्यात डोकावून पाहा, आणि कुपी गोठलेली दिसली तर 'दुसरी काढा' म्हणायला लाजू नका. सुई तुमच्यासमोर नव्या पाकिटातून निघाली पाहिजे. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा, तीव्र ॲलर्जी बहुधा याच वेळेत दिसते. शिबिरात ॲड्रेनॅलिन (तीव्र ॲलर्जीवरचे इंजेक्शन) आहे का, हे आधी विचारा. नसेल तर त्या दिवशी घेऊ नका, सरकारी दवाखान्यात जाऊन घ्या आणि तिथला कागद कंपनीला द्या.